वजन वाढवलं आणि झोके घटले

चौथीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं, जोडून घेतलेल्या दोन तासिका. विषय लंबक. सामान साधंच: कपड्यांचे सात चिमटे, जाड शिवणदोरा, लोखंडी नट, यू-पिना, चिकटपट्टी, मोजपट्ट्या आणि भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ. चौघाचौघांचे सात गट. एकाने लंबक सोडायचा, एकाने झोके मोजायचे, एकाने घड्याळ बघायचं, एकाने लिहायचं. फेरीगणिक कामं बदलायची, नाहीतर लिहिणारा कंटाळून दुसऱ्या गटात जाऊन बसतो.

पेन्सिल बाकाला चिकटवून तिला दोरा बांधायची नेहमीची पद्धत मी सोडून दिली आहे. झोक्याबरोबर गाठ पेन्सिलीवर सरकते, शिवाय लांबी बदलायची झाली की दर वेळी ती सोडत बसा. त्यापेक्षा चिमटा बाकाच्या कडेला असा चिकटवावा, की तोंड दोन बोटं बाहेर राहील. दोरा त्यात धरला की काम झालं. लोकर मात्र नको, वजनाने ताणली जाते. दोरा ४० सेंमी कापायचा, खाली यू-पिनेचा आकडा बांधून त्यात नट अडकवायचा आणि नटाच्या मध्यापासून २५ सेंमीवर पेनाने खूण करायची. ती खूण चिमट्याच्या तोंडाशी. गाठीपासून मोजलं तर लांबी दीड-दोन सेंमीने चुकते.

२५ सेंमीच का? कारण या लांबीला एक पूर्ण झोका जवळजवळ एका सेकंदाचा होतो. अर्ध्या मिनिटात ३० झोके यायला हवेत. मुलांना हे सांगायचं नाही, पण कुठे घोळ झालाय ते शिक्षकाला फळ्यावरच्या आकड्यावरून लगेच कळतं.

त्या दिवशीही कळलं. पहिल्या फेरीत पाच गटांचे आकडे २९ ते ३१ मध्ये, आणि दोन गटांचे ५९ आणि ६०. हे दोघे जाण्याचा एक आणि येण्याचा एक मोजत होते. ‘गेला-आला मिळून एक’ हे तोंडाने सांगून भागत नाही, हात हलवून दाखवावं लागतं. ३१ वाल्यांनी लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटलं होतं. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, परत आला की ‘एक’. नट बाजूला पाच सेंमीच ओढायचा. कुणी तो पार दोरा आडवा होईपर्यंत नेला तर झोक्याला वेळ जास्त लागतो आणि आकडा खाली येतो. लंबकाच्या घड्याळातही लंबक थोडासाच हलू देतात, ते याचसाठी.

मग वजनाची फेरी. आधी हात वर करायला सांगितलं. एकाऐवजी चार नट लावले तर झोके वाढतील म्हणणारे बावीस, घटतील म्हणणारे चार, तेवढेच राहतील म्हणणारे दोन. सहा गटांचे आकडे जवळपास ३० वरच राहिले आणि बावीस जण हिरमुसले. सातव्या गटाने मात्र जाहीर केलं, ‘बाई, जड लंबक हळू जातो. आमचे २८ आले.’

मला वाटलं, दोन झोके मोजायचे राहिले असतील. पुन्हा करा म्हटलं. पुन्हा २८. मोजणारा बदलला, तरी २८. मोजणी चुकते तेव्हा आकडा कधी २७, कधी ३० असा उड्या मारतो. तीनदा तोच आकडा आला की मांडणीकडे बघावं. अशा वेळी ‘बाकी सगळ्यांचे ३० आलेत, तुमचं चुकलं’ म्हणून पुढे जायचा मोह होतो, आणि घड्याळ आपल्याच बाजूने पळत असतं.

या गटाचा आणि ३० आलेल्या एका गटाचा लंबक शेजारीशेजारी धरायला लावले. बराच वेळ चौघं नटच मोजत होती. मग त्यातली एक मुलगी बाकाखाली बसली आणि म्हणाली, ‘आमचा लांब आहे.’ चिमट्यापाशी खूण बरोबर होती, पण त्यांच्या यू-पिनेच्या आकड्याचं तोंड इतकं मिटलेलं होतं, की एकच नट मावला. बाकीचे तीन त्यांनी दोऱ्याने एकाखाली एक बांधले होते, दोन-दोन सेंमीवर. सगळ्या नटांचा मिळून मध्य तीन सेंमी खाली सरकला होता. म्हणजे त्यांनी नकळत वजनाबरोबर लांबीही बदलली होती. चूक खरं तर माझी, आकडे मी आदल्या दिवशी घाईत वाकवले होते. पिनेचं तोंड फाकवून चारही नट त्याच आकड्यात घातले आणि ३० आले.

यानंतर लांबीची फेरी शिकवावीच लागली नाही. ‘५० सेंमीला किती?’ विचारल्यावर वर्ग ठामपणे १५ म्हणाला. दुप्पट लांबी, निम्मे झोके. आले २१. पुन्हा मोजले, २१. मग १५ कुठल्या लांबीला येतील? ६० सेंमीला १९ आले आणि नट फरशीला टेकायला लागला, बाकाची उंचीच संपली. पुढचे दोरे दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या चिमट्याला लागले. ७० ला १८, ८० ला १७. त्या २८ वाल्या मुलीने मधले आकडे सोडून एकदम १०० सेंमी लावला, आणि वर्ग एका सुरात मोजू लागला.

पंधरावा झोका परत आला आणि घड्याळवाला ‘थांब’ म्हणाला. तोवर दाराबाहेर पुढच्या तासिकेचे शिक्षक लंबक थांबायची वाट बघत उभे होते.