अर्धवट राहणारे ऑनलाइन अर्ज: माझा अनुभव

बारावीनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या एका न्यासाच्या संकेतस्थळाचे काम मी पाहतो. कागदी अर्ज बंद होऊन ऑनलाइन अर्ज सुरू झाल्यापासून एक गोष्ट मला खटकत होती. अर्जाचे पान उघडून पहिले काही रकाने भरणारे विद्यार्थी पुष्कळ असत, पण शेवटचे बटण दाबून अर्जक्रमांक मिळवणारे त्या मानाने फार थोडे. न्यासाच्या बैठकीत याचे कारण ठरलेले असे, की हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. मला ते कधीच पटले नाही. जिच्या वसतिगृहाची फी या पैशांवर अवलंबून आहे, ती मुलगी कंटाळा आला म्हणून अर्ज सोडून देणार नाही. ती अर्ज सोडते याचा अर्थ अर्जानेच तिला कुठेतरी अडवले आहे, आणि ती जागा शोधून काढणे हे आमचे काम आहे, अशी माझी धारणा होती व आजही आहे.

सुरुवातीची कामे सुरळीत पार पडली, म्हणून ती थोडक्यात सांगतो. आम्ही रकाने कमी केले. पहिल्याच टप्प्यावर आधार क्रमांक, पालकांचा व्यवसाय, भावंडांचे शिक्षण असे बरेच काही विचारले जात होते आणि समितीतील प्रत्येकाला आपापला रकाना महत्त्वाचा वाटत होता. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार संमती घेऊन माहिती गोळा करताना ती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढीच घ्यायची असते. ही तरतूद समितीपुढे ठेवल्यावर चर्चा लवकर आटोपली आणि निवड झाल्यानंतरच लागणारी माहिती निवडीनंतरच विचारायची असे ठरले. कायमच्या पत्त्याखाली ‘सध्याचा पत्ता हाच आहे’ अशी खूण करण्याची सोय दिली. रकान्यांची नावे चौकटीच्या आत फिकट अक्षरांत होती आणि लिहायला सुरुवात केली की दिसेनाशी होत, म्हणून ती चौकटीच्या वर आणली.

एवढे करूनही फरक जाणवण्याइतका पडला नाही. संकेतस्थळावरील वावर मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्समध्ये अर्ज भरायला कधी सुरुवात झाली आणि तो कधी पाठवला गेला या दोन नोंदी मिळतात, पण मधल्या वाटेवर माणूस कुठे थांबला हे त्यावरून समजत नाही. म्हणून कोणत्या रकान्यावर चुकीची सूचना किती वेळा उमटते, एवढेच मोजण्याची व्यवस्था मी करून घेतली. रकान्यात काय लिहिले ते मुद्दाम साठवले नाही, कारण ती मुलांची खासगी माहिती आहे. कोणाला आपल्या अर्जाची गळती शोधायची असेल तर सुरुवात येथून करावी. आमच्या यादीत दोन रकाने इतरांच्या फार पुढे होते: मोबाइल क्रमांक आणि अर्जदाराचे नाव. दोन्ही इतके साधे, की तिथे कोणी अडेल असे आम्हा कोणाच्याही मनात आले नव्हते.

कारण कळले ते एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुलांच्या शेजारी बसून त्यांना अर्ज भरताना पाहिले तेव्हा. एका विद्यार्थ्याचे वडील त्यांच्या फोनवर अर्ज भरत होते. नाव मराठीत लिहून झाले, कळफलक मराठीच राहिला, आणि पुढच्या रकान्यात त्यांनी मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला. क्रमांक अचूक होता. खाली लाल अक्षरांत सूचना आली, ‘कृपया वैध मोबाइल क्रमांक भरा’. त्यांनी खिशातून वही काढली, एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहिला, सगळा पुसला आणि तोच क्रमांक तसाच पुन्हा लिहिला. पुन्हा तीच सूचना. अखेरीस त्यांनी मुलाला विचारले, ‘आपलं सिम बंद पडलंय का रे?’ स्वतःचा क्रमांक बरोबर लिहिणाऱ्या माणसाच्या मनात आपल्याच क्रमांकाबद्दल शंका निर्माण व्हावी, याचा मला जो संताप आला तो अजून ओसरलेला नाही.

तांत्रिकदृष्ट्या गोष्ट अगदी छोटी आहे. संगणकाच्या लेखी देवनागरी नऊ आणि इंग्रजी नऊ ही दोन वेगळी चिन्हे आहेत. ‘येथे अंक हवा’ अशी जी तपासणी जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांच्या प्रोग्रामिंग भाषेत सर्रास लिहिली जाते, ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत देवनागरीचे दहाही अंक शून्यापासून नऊपर्यंत ओळीने मांडलेले असल्यामुळे त्यांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करणे हे एका ओळीचे काम आहे. शिवाय त्या रकान्याला फोनसाठीचा प्रकार नेमून दिला असता, तर बहुतेक फोनवर तिथे आकड्यांचा कळफलक आपोआप उघडला असता आणि प्रश्न उद्भवलाच नसता. आमच्या अर्जात तो साधा मजकुराचा रकाना होता.

मी हे सर्व लिहून अर्ज तयार करणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाकडे तक्रार नोंदवली, आणि येथून पुढे आमचे काम जे अडकले ते अडकलेच. पहिले उत्तर आले की ‘आमच्याकडे अर्ज व्यवस्थित भरला जात आहे’. सोबत पुरावा म्हणून एक चित्र होते, ज्यात नावाच्या जागी इंग्रजीत ‘टेस्ट’ आणि मोबाइलच्या जागी इंग्रजी अंकांत ओळीने दहा नऊ लिहिलेले होते. माझी तक्रार देवनागरी अंकांबद्दल होती. तक्रार निकाली निघाल्याची नोंद मात्र त्याच उत्तरासोबत झाली होती. मी ती पुन्हा उघडली. मग ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवून ठेवलेली जुनी पाने, रिकामी करावी असा सल्ला मिळाला. त्यानंतर वापरकर्त्यांना इंग्रजी कळफलक वापरण्याची सूचना द्यावी असे सुचवण्यात आले. दरवेळी उत्तर देणारी व्यक्ती वेगळी असे, दरवेळी मला पहिल्यापासून सांगावे लागे, आणि अर्जाची मुदत जवळ येत चालली होती.

शेवटी मी पत्रव्यवहाराची पद्धत बदलली. तक्रारीचे वर्णन करणे थांबवले. फोनच्या पडद्याचे चित्रण केले, त्यात तोच क्रमांक एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजीत लिहून दाखवला, आणि हे चित्रण मदतकक्षाऐवजी प्रत्यक्ष प्रोग्रामिंग करणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचावे अशी मागणी केली. न्यासाच्या कार्यवाहांनी त्यासोबत स्वतंत्र पत्र दिले आणि ‘अर्ज मराठीत भरता येईल’ हे करारातील वाक्य त्यात जसेच्या तसे उद्धृत केले. माझ्या महिनोन्महिन्यांच्या विनवण्यांनी जे झाले नाही, ते या एका वाक्याने झाले. असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनी करार आधी काढून वाचावा.

अंकांची दुरुस्ती झाली, पण ती केवळ पानावर. पानावरची तपासणी देवनागरी अंक स्वीकारू लागली, मात्र माहिती ती साठवणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, पोहोचल्यावर तिथे जुनीच तपासणी चालू होती. परिणामी विद्यार्थी सगळा अर्ज भरी, गुणपत्रक जोडी, शेवटचे बटण दाबी, आणि मग अर्ज नाकारला जाऊन सगळे रकाने कोरे होऊन समोर येत. आधी माणूस दुसऱ्या मिनिटाला अडत होता, आता तो सगळे कष्ट करून शेवटी अडू लागला. म्हणून कोणतीही दुरुस्ती झाल्याचे कळवले गेले की रकान्याखालची लाल सूचना गेली एवढ्यावर समाधान मानू नये. अर्ज शेवटपर्यंत भरून अर्जक्रमांक हातात येईपर्यंत तपासावे.

नावाच्या रकान्याची कथा याहून त्रासाची आहे. मुळात तिथे फक्त इंग्रजी अक्षरे चालत. आग्रह धरल्यावर ‘कोणत्याही भाषेतील अक्षर चालेल’ असा नियम लावला गेला आणि ‘अमर’ हे नाव भरून तो तपासला गेला. ‘अमर’ चालले. ‘कमल’ही चालले. ‘कमला’ चालले नाही. युनिकोडच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरे नसून जोडचिन्हे मानली जातात, आणि नियमात फक्त अक्षरांना परवानगी होती. मराठीत काना-मात्रेशिवाय किती नावे असतील याचा विचार कोणीही क्षणभर केला असता तर हे घडले नसते. मी तशा नावांची यादीच पाठवली. तेव्हा नियम बदलून देवनागरीसाठी युनिकोडमध्ये राखलेल्या १२८ जागांच्या मुख्य पट्ट्यातील सर्व चिन्हे ग्राह्य धरण्यात आली, आणि काम संपले असे मला कळवण्यात आले.

ते संपले नव्हते. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर अशा आडनावांचे काही विद्यार्थी अजूनही अडत होते, आणि सगळेच अडत नव्हते, त्यामुळे कंपनीला ही तक्रार खरीच वाटेना. या आडनावांतील अर्धा र लिहिण्याच्या दोन पद्धती चालतात. एकीत नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरला जातो. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जोडणारे चिन्ह येते. कोणती पद्धत वापरली जाईल हे लिहिणारा ठरवत नाही, त्याचा कळफलक ठरवतो. पडद्यावर दोन्ही आडनावे अगदी एकसारखी दिसतात. परंतु ते अदृश्य चिन्ह त्या १२८ जागांच्या बाहेरचे आहे, म्हणून एका फोनवरून कुऱ्हाडे चालत आणि दुसऱ्या फोनवरून कुऱ्हाडे चालत नसत. मी दोन्ही रूपे एकाखाली एक ठेवून, प्रत्येकाची चिन्हे सुटी करून दाखवली, तेव्हा कुठे त्यांच्या प्रोग्रामरने ते मान्य केले. तो माणूस कामाचा जाणकार होता आणि बोलणे झाल्यावर त्याने दुरुस्ती त्याच दिवशी करून दिली. एवढा काळ त्याच्यापर्यंत आमची तक्रार पोहोचूच दिली गेली नव्हती. रूपांतर सर्व्हरवर साठवताना करून घ्यावे आणि दोन्ही रूपांऐवजी एकच रूप साठवावे, ही सूचनाही त्याचीच. तसे केले नाही तर पुढे नावाने शोध घेताना तोच विद्यार्थी सापडत नाही.

त्यानंतर मुदतीच्या उरलेल्या दिवसांत सुरू झालेले अर्ज पूर्ण होऊ लागले, हे मी रोज उघडून पाहत असे. न्यासाच्या बैठकीत चिकाटीचा विषय पुन्हा निघाला नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

सूचनांच्या मजकुराबद्दल वर सांगायचे राहिले. ‘वैध क्रमांक भरा’ या वाक्यातून भरणाऱ्याला काहीच कळत नाही. आता आमच्याकडे ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, येथे ९ अंक आहेत’ असे लिहून येते. क्रमांकाच्या आधी शून्य किंवा अधिक ९१ लिहिलेले असेल, मध्ये जागा सोडली असेल, तर ते आम्हीच काढून टाकतो. माणसाने कसे लिहावे हे शिकवण्यापेक्षा त्याने लिहिलेले समजून घेणे सोपे आहे.

फोटोचाही उल्लेख करायला हवा. फोनने काढलेले छायाचित्र सहज काही एमबीचे असते आणि आमची अट ५० केबीची होती. ते लहान करण्यासाठी मुलांना सायबर कॅफेत पैसे मोजावे लागत. आता छायाचित्र ब्राउझरमध्येच लहान होऊन मग पाठवले जाते. त्यामुळे डेटाही कमी लागतो, ही गोष्ट कमजोर नेटवर्क असलेल्या गावांत फार उपयोगी ठरली.

ओटीपी वापरणार असाल तर एसएमएसच्या मजकुरात स्वतःहून एक शब्दही बदलू नका. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१८ च्या विनियमांनुसार एसएमएसचा नमुना आधी नोंदवावा लागतो, आणि नोंदवलेल्या नमुन्याशी न जुळणारा संदेश दूरसंचार कंपनीकडेच अडवला जातो. विद्यार्थी फोन हातात घेऊन वाट पाहत राहतो आणि आपल्याला इकडे काहीच कळत नाही. अर्धवट अर्ज आपोआप जतन होण्याची सोय तर सर्वात आधी करून घ्यावी, कारण एकाच फोनवर घरातील सगळ्यांचे काम चालते आणि मध्येच कोणाचा तरी फोन येतोच.

यंदा अर्जाचे काम नव्या संस्थेला देताना मी करारासोबत एक पान जोडले आहे. त्यावर कमला, कुऱ्हाडे दोन्ही रूपांत, देवनागरी अंकांतील मोबाइल क्रमांक आणि पिनकोड, शून्याने सुरू होणारा क्रमांक, आणि फोनवर काढलेले मूळ आकाराचे छायाचित्र अशी तपासणीची यादी आहे. यातील प्रत्येक गोष्ट साध्या अँड्रॉइड फोनवरून मराठी कळफलकाने भरून अर्जक्रमांक मिळाल्याशिवाय अंतिम देयक मंजूर होणार नाही, असे त्या पानाखाली लिहिले असून दोन्ही बाजूंच्या सह्या त्यावर झाल्या आहेत.