मालाया विशेरा

मी टूर मॅनेजर म्हणून रशियाच्या टूर करायचे तेव्हाची, जुलै २०१९ ची गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

त्या दिवशी सेंट पीटर्सबर्गहून सापसान ट्रेनने मॉस्कोला जायचं होतं. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे फुकटात फिरणं, पण डब्याच्या दारात तिकीट आणि पासपोर्ट ताडून बघतात, त्यामुळे आदल्या रात्री मी ३१ नावांवर बोट ठेवून एकेक स्पेलिंग तपासलेलं असतं आणि सकाळी स्टेशनच्या स्कॅनरमधून सगळ्यांच्या बॅगा पार होईपर्यंत पोटात चहासुद्धा नसतो.

स्टेशनबाहेरच्या चौकाचं नाव प्लोश्चद वोस्तानिया, म्हणजे उठावाचा चौक. रशियाच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे २६ फेब्रुवारी १९१७ ला इथे ब्रेडसाठी, युद्धाविरुद्ध रस्त्यावर आलेल्या लोकांवर वोलिन्स्की रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच रेजिमेंटने बंड केलं. राजवाड्यांना आमच्या आयटिनररीत अख्खा दिवस आणि या चौकाला पाच मिनिटंसुद्धा नाहीत, याचा मला कायम राग यायचा. पण खरं सांगायचं तर मीही बसमध्ये झारच्या दरबारातला बाबा रास्पुतिनच सांगायचे, कारण लोकांना तोच हवा असतो.

गाडी सुटल्यावर भुसावळचे एक काका उठून माझ्याकडे आले. रेल्वेतून रिटायर झालेले सेक्शन कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली पुढे सोडायची ते ठरवणारे, आठ दिवसांत फारसं बोलले नव्हते. म्हणाले, "बेटा, मालाया विशेरा किती वाजता येईल?"

सहा वर्षं मी त्या लाइनवरून जात होते आणि हे नाव मी ऐकलेलं नव्हतं.

काकांनी वही उघडली. पेन्सिलने लाइनचा नकाशा काढलेला, स्टेशनं मराठीत. मग बोट फिरवत सांगायला लागले की झार निकोलस मोगिल्योव्हला सैन्याच्या मुख्यालयात होता, २८ फेब्रुवारीला पहाटे राजधानीकडे, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गकडे, निघाला, पण सरळ लाइन बंड मोडायला चाललेल्या फौजेसाठी मोकळी ठेवायची म्हणून त्याची गाडी व्याझ्मावरून लांबून फिरवली. पुढे त्याच्या लोकांची एक गाडी, मागे त्याची. त्याच रात्री उशिरा मालाया विशेराला कळलं की पुढची ल्युबान आणि तोस्नो बंडवाल्यांच्या ताब्यात आहेत, तिथून गाडी मागे फिरवली, बोलोगोये, मग द्नो, मग प्स्कोव्ह. इकडे राजधानीत दूमाचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, बुब्लिकोव्ह नावाचा सदस्य रेल्वे मंत्रालयात जाऊन बसला होता आणि सत्ता दूमाकडे आल्याची बातमी त्याने रेल्वेच्याच तारेवरून देशभरच्या स्टेशनांना पाठवून दिली होती.

"म्हणजे स्टेशन मास्तरला जे माहीत, ते राजाला माहीत नाही," काका म्हणाले. "मुख्यालयात बसला असता तर हाताशी फोन होता, तारा होत्या. गाडीत बसला की माणूस कोणी का असेना, कंट्रोलच्या हातात. मी मंत्र्यांच्या स्पेशल चालवल्यात, मला विचार."

२ मार्चला प्स्कोव्हच्या स्टेशनात, त्याच गाडीच्या सलूनमध्ये झारने गादी सोडल्याची सही केली, आजारी मुलाला बाजूला ठेवून गादी भावाला दिली, आणि भावाने दुसऱ्याच दिवशी नको म्हटलं. ३०० वर्षांचं रोमानोव्ह घराणं एका डब्यात संपलं. एवढ्या वर्षांत कुठल्याही गाइडने मला हे असं सांगितलं नव्हतं, सगळे महालांच्या खोल्या मोजत बसतात.

काका मग आपल्याकडच्या चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपाबद्दल बोलले. नोकरीला नवीन होते, वीस दिवस संप चालला, यार्डात एवढी शांतता त्यांनी परत कधी ऐकली नाही. "गाड्या थांबल्या की दिल्लीला सगळ्यात आधी कळतं," एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

साधारण तासाभराने मालाया विशेरा आलं. मी आधी बोर्ड वाचला आणि ओरडलेच, "काका, हे!" ते सीटची पाठ धरून उभे राहिले. प्लॅटफॉर्म, झाडं, लूपवर उभी एक मालगाडी, काही सेकंदांत सगळं मागे पडलं.

काकांनी घड्याळ बघितलं, वहीत स्टेशनच्या नावापुढे वेळ लिहिली आणि त्याच्यापुढे लिहिलं, थ्रू.