जुन्या सिटी व्हीटेकचा एक्झॉस्ट: खाली नक्की काय लावलंय ते शोधण्यापासून

माझ्याकडे २००३ ची होंडा सिटी आहे, १.५ व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं इंजिन). ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी, ही आपल्याकडे २००० ते २००३ च्या दरम्यान मिळायची. १४९३ सीसीचं सिंगल कॅमचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, १०६ बीएचपी आणि तेही ६८०० आरपीएमला. म्हणजे खाली शहाण्यासारखी चालते आणि वर गेली की वेगळीच होते. नंतर जी डॉल्फिन सिटी आली तिच्यात सुरुवातीला ७७ बीएचपीचं आय-डीएसआय इंजिन होतं, म्हणून या जुन्या सिटीला लोक अजून धरून आहेत.

मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने छाती फुगवून सांगितलं, भाऊ एक्झॉस्ट फुल्ल केलेलाय, हेडरपासून मागपर्यंत. बिल? नाही. कोणी केलं? एक पोरगा होता, आता गाव सोडून गेला. बरं. गाडी चालवली तर आवाज भरपूर आणि दम कमी, दोन-अडीच हजारात तर अशी मरगळलेली की सिंहगड रोडला पीएमपीच्या मागून सुटायला दोन गियर खाली टाकावे लागायचे. आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेच्या बाहेर. बीएस-२ (भारत स्टेज-२ प्रदूषण नियमांच्या) गाडीला सीओ ०.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, न जळालेलं इंधन) ७५० पीपीएमच्या आत लागतं.

मित्रांनी लगेच सल्ले दिले, अमुक मफलर टाक, तमुक कंपनीचं कॅटबॅक, म्हणजे मागचा पाइप-सायलेन्सरचा सगळा सेट, मागव. मी म्हटलं आधी खाली काय आहे ते तर कळू दे. नाहीतर पुढे अडकलेलं असताना मागे कितीही मोठा पाइप लावा, हवा सगळ्यात बारीक जागेच्या हिशेबानेच जाणार.

तर गाडी लिफ्टवर घेतली. सोबत नेलं काय, टॉर्च, लोहचुंबक, शिंप्याची टेप. हसू नका. पाइपला व्हर्नियर लावायला कुठे कुठे जागाच नसते आणि वाकवलेला पाइप गोल राहिलेला नसतो, टेप गुंडाळून घेर घ्यायचा आणि ३.१४ ने भागायचं. दोन इंची पाइपचा घेर साधारण १६० मिमी येतो, अडीच इंचीचा २०० च्या आसपास.

पुढून सुरुवात केली. या इंजिनात एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूला असतो, त्यामुळे बॉनेट उघडून हीट शील्ड काढली की लगेच दिसतं. आणि दिसलं काय, चारही सिलिंडरचा धूर गोळा करणारं ओतीव लोखंडाचं जाड खडबडीत ओरिजिनल मॅनिफोल्ड! हेडर वगैरे काही नाही. हेडर असतं तर चार वेगळ्या लांब नळ्या दिसल्या असत्या. म्हणजे पहिल्याच ठिकाणी थाप.

पुढचा पाइपही ओरिजिनल. त्यानंतर कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बाहेरून कॅटचा डबा जागेवर होता, पण बाजूने कापून परत वेल्ड मारल्याची रेघ दिसली. हाताने ठोकलं तर रिकाम्या डब्याचा आवाज. आतली जाळी काढून सरळ नळी टाकलेली. जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याला भंगारात चांगला भाव आहे, त्यामुळे ती कुठे गेली असेल ते तुम्हीच ओळखा. पीयूसीचं कोडं तिथेच सुटलं. ज्यांच्या कॅटवर अशी खूण दिसत नाही त्यांनी गाडी चांगली गरम करून इन्फ्रारेड थर्मामीटरने कॅटच्या आधी आणि नंतर तापमान बघा, चालू कॅटमधून बाहेर येणारी बाजू बहुतेक वेळा जास्त गरम लागते.

कॅटच्या मागे एकदम अडीच इंची पाइप. चुंबक टचकन चिकटला, गंजही लागलेला, म्हणजे साधं माइल्ड स्टील. एक लक्षात ठेवा, चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाहीच असं नसतं, ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो, ३०४ ला चिकटत नाही. मागच्या चाकांजवळ जिथे पाइप वळतो तिथे तो दाबून वाकवलेला, वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या आणि पाइप चपटा. म्हणजे अडीच इंचीचे पैसे देऊन त्या वळणात किती उरलं असेल विचार करा. शेवटी चार इंची तोंडाचा चकचकीत सायलेन्सर, टॉर्च मारली तर आरपार भगदाड, आतली ग्लास वूल कधीच जळून उडून गेलेली. म्हणजे तो मफलर नव्हताच, भोंगा होता.

मग कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो, ओरिजिनल सायलेन्सर कसा असतो ते तरी हातात घेऊन बघावं म्हणून. तिथे एक गोष्ट उपयोगी पडते. होंडाच्या पार्ट नंबरचे पहिले पाच आकडे वस्तू सांगतात, मागचा सायलेन्सर १८०३० ने सुरू होतो, कॅट १८१६० ने. मधली तीन अक्षरं बॉडीची, आपल्या या सिटीची एसएक्स८. फक्त कॅट, मॅनिफोल्ड अशा इंजिनकडच्या वस्तूंवर मध्ये इंजिनचा कोड असतो, त्यामुळे तिथे एसएक्स८ शोधत बसू नका. दुकानदार छातीठोकपणे सिटीचाच आहे साहेब म्हणतो तेव्हा नंबर बघायचा, तो पुसलेला असेल तर हँगरच्या जागा जुळतात का बघायचं.

ठरवलं काय, तर पुढून मागे सगळं सलग दोन इंची. दीड लिटरच्या बिनटर्बोच्या इंजिनाला रस्त्यावर तेवढं पुरतं. इंजिनला बॅक प्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) लागतं असं बरेच मिस्त्री सांगतात, ते अर्धं खरं आहे. लागतो तो वायूचा वेग. पाइप उगाच रुंद केला की कमी आरपीएमला वेग पडतो आणि एका सिलिंडरचा धूर जाताना पुढच्याला जी ओढ मिळते ती जाते.

हेडर भोसरीला एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला. सिव्हिकचे तयार हेडर बाहेरून मागवता येतात, इंजिन होंडाच्या त्याच डी घराण्यातलं (मालिकेतलं) आहे, पण बसेलच याची खात्री नाही आणि सम्पच्या (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीच्या) खाली किती लोंबेल हा आपल्याकडे मोठा प्रश्न, पुण्याचे स्पीड ब्रेकर तुम्हाला माहितीयेत. ४-२-१ (चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक) घेतला कारण मला मधल्या आरपीएमची ताकद हवी होती, ४-१ (चारच्या थेट एक) चा फायदा जास्त करून वरच्या टोकाला.

इथे एक मजा झाली. फॅब्रिकेटर काका कामात एकदम हुशार, आर्गन वेल्डिंग तर बघत राहावं असं, पण त्यांनी सोयीसाठी शेजारशेजारच्या नळ्या जोडायला घेतल्या, एक-दोन आणि तीन-चार. मी म्हटलं काका थांबा. याचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. जोडी लावायची ती ३६० अंशाच्या अंतराने फायर होणाऱ्यांची, म्हणजे एक-चार आणि दोन-तीन. नाहीतर लागोपाठ फायर होणारे दोन सिलिंडर एकाच नळीत एकमेकांच्या पायात पाय घालणार. ते म्हणाले अरे पण मग वळणं अवघड होतील, दोन नळ्या ओलांडून न्याव्या लागतील. खरं होतं ते. कागदावर काढून दाखवलं, त्यांनी चहा मागवला, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग कापलेल्या नळ्या बाजूला ठेवून नव्याने सुरू केलं. जास्तीचे पैसेही मागितले नाहीत, मीच दिले.

बाकी हेडरचं काम असं: ३०४ ची नळी, जाड फ्लँज (इंजिनला बोल्टने बसणारी सपाट पट्टी), वेल्ड करताना आतूनही आर्गन सोडलेला, नाहीतर एसएसचा जोड आतल्या बाजूने जळून खडबडीत होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकते म्हणून नंतर मशिनवर सपाट करून घेतली. ऑक्सिजन सेन्सरचा बॉस (सेन्सर बसवायची वेल्ड केलेली जागा) १८ बाय १.५ आट्याचा, चारही नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे आणि थोडा वरच्या बाजूला तिरका, म्हणजे सकाळी पाइपात साचणारं पाणी सेन्सरवर बसत नाही. मग फ्लेक्स पाइप, कारण आडवं इंजिन गियर बदलताना पुढेमागे हलतं आणि कडक पाइप कुठेतरी तडकतोच. कॅट ४०० सेलची (चौरस इंचात ४०० भोकांची जाळी), नवी, जमेल तितकी पुढे. अडीचशे-तीनशे डिग्रीच्या खाली कॅट फारसं काम करत नाही, मागे नेली तर थंडच राहणार. निम्म्याहून जास्त पैसे हेडर आणि कॅटमध्येच गेले, सांगून ठेवतो.

जुने नट काढायला आदल्या रात्री तेल मारून ठेवलं होतं, तरी एक स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) गेलाच. नवे स्टड आणि कंपनीची गॅस्केट घाला, तिथे काटकसर नको.

मागे सुरुवातीला आरपार जाळीवाला मफलर लावला होता. गावात छान, पण एक्स्प्रेसवेला शंभरच्या स्पीडला आरपीएम तीन हजारच्या आसपास आणि कानात घूंऽऽ. बायको लोणावळ्यापर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली येताना मी डेक्कन क्वीनने येते. हिशेब सोपा आहे, चार सिलिंडरला तीन हजार आरपीएम म्हणजे सेकंदाला शंभर फायर, शंभर हर्ट्झ. ते मारायला बंद टोकाची नळी जोडता येते, पण ती पाव तरंगलांबीची लागते, गरम वायूत आवाजाचा वेग साडेचारशे मीटर धरला तर १.१ मीटरच्या जवळपास. या गाडीखाली एवढी जागा कुठून आणू. ग्लास वूल वरचा कर्कश आवाज खाते, हा खालचा घुमणारा नाही खात, त्याला आत कप्पे आणि मोठा डबा लागतो. म्हणून मागे कप्पेवाला मफलर आणि मध्ये आरपार रेझोनेटर, म्हणजे घुमणं कमी करणारा छोटा डबा. घुमणं जवळजवळ गेलं.

आता गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात मधूनच मस्त ओढते आणि वर व्हीटेकचा सूर बदलतो तो आत ऐकू येतो, सोसायटीतल्या काकांना नाही. एक्झॉस्टने वीस बीएचपी वाढले असं कोणी या इंजिनाबद्दल म्हणालं तर हसून सोडून द्या. पीयूसी इंजिन गरम करून केली, आरामात पास.

आवाजाचं मुद्दाम लिहितो. बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली घातल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, आणि कलम १९०(२) खाली आवाज-धुराला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करायला गाडी तपासणीला न्यावी लागते, तिथे भोंगा घेऊन कशाला जायचं.

काही दिवस चालवल्यावर हेडरचे नट परत आवळून घेतले, गरम-थंड होऊन थोडे ढिले झाले होते. फ्लँजचं पुठ्ठ्याचं टेम्प्लेट माझ्याकडे आहे, व्हीटेकवाल्या कोणाला हवं असेल तर सांगा. १.५ हायपरवाल्यांनी (याच सिटीचं व्हीटेक नसलेलं इंजिन) मात्र आधी आपली गॅस्केट त्यावर ठेवून भोकं जुळतात का बघा, मगच पत्रा कापायला द्या.