मला कुणी धरलंच नाही

ग्वांगझौ, २० डिसेंबर २००५, रात्री

झोप येत नाही. खोली उबदार आहे, गादी बरी आहे, खाली रस्त्यावरचा गोंगाटही थांबला. तरी त्या पोराचा हात दंडावरून जात नाही.

पोरगाच होता, आमच्या धाकट्याच्या वयाचा. हेल्मेट, ढाल, काठी, सगळा सरंजाम अंगावर. आणि माझा दंड धरला तो कसा, तर एसटीतून म्हातारीला उतरवून द्यावं तसा. ‘मॅडम, प्लीज, गो होम,’ म्हणाला. रांगेतून बाजूला काढलं, लोखंडी कठडा थोडा सरकवला, मला पलीकडे केलं आणि कठडा परत लावून घेतला.

एवढंच झालं. मारलं नाही, ढकललं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मग सलतंय काय?

शनिवारी संध्याकाळी हाँगकाँगमध्ये, डब्ल्यूटीओच्या म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्धच्या मोर्चात, वान चायच्या रस्त्यांवर काय चाललं होतं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. कोरियाचे शेतकरी कडं तोडून परिषदेच्या इमारतीच्या अगदी जवळ पोचले. मग अश्रुधूर. माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून एकाच वेळी पाणी, आणि पदर कशाला लावावा ते सुचेना. नंतर पोलिसांनी ग्लॉस्टर रोडवर सगळ्यांना घेरलं. लोक डांबरावर बसले, थंडीत, ढोल वाजवत, गाणी म्हणत. रात्रभर एकेकाला उचलत राहिले. नऊशेहून जास्त माणसं धरली. काल त्यातल्या चौदा जणांवर खटला भरला, बहुतेक कोरियनच.

माझ्या शेजारची मावशीही आत गेली. तिचं नाव मला धड म्हणता येत नाही म्हणून मी मावशीच म्हणत होते आणि ती मला काहीतरी म्हणत होती, ते काय होतं देव जाणे. गुरुवारी आम्ही दोघी जोडीनं चाललो. तीन पावलं टाकायची, गुडघे टेकून कपाळ रस्त्याला लावायचं, उठायचं, पुन्हा तीन पावलं. माझे गुडघे बोलायला लागले की ती खिशातून संत्रं काढून सोलायची आणि अर्धं माझ्या हातात कोंबायची. फुटपाथवर हाँगकाँगचे लोक टाळ्या वाजवत उभे होते. आदल्या आठवड्यात हेच लोक कोरियन येणार, दुकानं फोडणार म्हणून धास्तावले होते. मंगळवारी लाइफ जॅकेट घालून समुद्रात उड्या टाकणारे हे लोक गुरुवारी रस्त्यावर माथा टेकतात, हे बघून शहरच गोंधळून गेलं.

मावशीच्या पाठीवर कोरियन शेतकरी ली क्युंग हे यांचा फोटो शिवलेला होता. २००३ मध्ये मेक्सिकोत कानकूनला, डब्ल्यूटीओच्याच परिषदेच्या कुंपणावर चढून ज्यांनी स्वतःला भोसकून घेतलं, ते. गळ्यात पाटी होती, डब्ल्यूटीओ शेतकऱ्यांना मारते अशी. त्यांची तारीख मावशीला पाठ आहे, १० सप्टेंबर. आमच्याकडच्या तारखा मला पाठ नाहीत. इतक्या झाल्यात की

ते जाऊ दे.

तर मावशी आत, मी बाहेर. का? मी तिच्याच रांगेत, तिच्याच हातात हात अडकवून बसले होते. छातीवर बिल्ला होता, कोरियन अक्षरातला. घोषणा देऊन घसा बसला होता. आणि त्या पोराला वाटलं, ही बाई या रांगेतली नाही. बहुतेक चिम शा त्सुईतल्या कुण्या सिंध्याच्या घरची, बाजाराला निघाली आणि भलतीकडे सापडली. स्वेटर, त्याखाली साडी, पायात मोजे घालून चप्पल. मी त्याच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण मी त्याच्या जागी नव्हते ना.

आपल्याकडे असं होत नाही. जेलभरो म्हटलं की गाडी येते, पोलीस कायद्याच्या ६८-६९ कलमांखाली धरतात, ग्राउंडवर नेऊन बसवतात. हवालदार वही घेऊन येतो, नाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा, गाव सांगा. संध्याकाळी चहा पाजतात आणि सोडतात. आमच्या ठाण्यातल्या हवालदाराला तर मला विचारावंही लागत नाही, मी रांगेत पुढे सरकेपर्यंत त्याचं लिहून झालेलं असतं. नाटक आहे, हे त्याला ठाऊक आणि मलाही. पण त्या वहीत नाव असतं. मी आले होते, हे कुठंतरी लिहिलेलं असतं.

इतक्या लांब येऊन, लोकवर्गणीच्या तिकिटावर येऊन, माझं नाव कुणी विचारलंही नाही. व्यासपीठावर ‘भारतीय शेतकरी महिला’ म्हणून बसवलं, फोटोवाल्यांना साडी आवडली, बोलायला तीन मिनिटं मिळाली आणि त्यातलं निम्मं दुभाषानं खाल्लं. मी सांगत होते की यंदा राज्याच्या कापूस पणन महासंघाच्या भावावरचा पाचशे रुपयांचा ॲडव्हान्स बोनस सरकारनं काढून घेतला. पुढं अनुवाद झाला तो ‘भारतात कापसाला भाव कमी आहे’ एवढाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

रविवारी जाहीरनामा आला. निर्यातीवरच्या सबसिड्या २०१३ पर्यंत बंद करणार. कापसावरची २००६ मध्येच. आपले वाणिज्यमंत्री कमलनाथ खूश दिसले. पण अमेरिका तिच्या कापूसवाल्यांना घरच्या घरी जे वाटते, ते खरं दुखणं, आणि त्याचं नुसतं बघू-करू. बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड, हे आफ्रिकेतले चारही कापूसवाले देश तेच सांगत आले होते. ब्राझीलनं तर याच प्रश्नावर अमेरिकेविरुद्धचा दावा यंदा अपिलातही जिंकला. यावर मी उद्या नीट लिहीन, संघटनेला अहवाल द्यायचाच आहे. आज डोकं त्या कठड्यापाशीच अडकलंय.

अण्णा, माझे वडील, असते तर हसले असते. त्यांच्या सदऱ्यावर शेवटपर्यंत शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता आणि जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं बोलताना त्यांचा आवाज शरद जोशींपेक्षा मोठा व्हायचा. आपल्या शेतकऱ्याला सरकारच भाव पाडून उणे सबसिडी देतं, बाजार उघडा म्हणजे लूट थांबेल, असं ते म्हणायचे. त्यांची पोरगी बाजार उघडू नका म्हणून परदेशात अश्रुधूर खाते. आमचं यावरचं भांडण अर्धंच राहिलं.

काल हाँगकाँग आणि चीनच्या हद्दीवरचा लो वूचा पूल चालत ओलांडला. त्याआधी हाँगकाँगच्या आमच्या बाईंनी माझी पिशवी उघडून बिल्ला काढून घेतला आणि इंग्रजी पेपर कचऱ्यात टाकायला लावला. पेपरात शानवेईजवळच्या डोंगझोऊ गावाची बातमी होती. वीज प्रकल्पाला जमिनी गेल्या, मोबदला नीट मिळाला नाही म्हणून लोक जमले, ६ तारखेला त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकार म्हणतं तीन मेले, गावकरी म्हणतात पुष्कळ जास्त. याच प्रांतात, आमची परिषद भरायच्या आठवडाभर आधी.

शेनझेन स्टेशनवर दुभाषी पोरगी घ्यायला आली होती. कॉलेजात शिकते. घर हुनानमध्ये, आईबाप शेती करतात, मोठी बहीण डोंग्वानला कपड्याच्या कारखान्यात. गाडीतून तिनं बोट दाखवलं, तिकडे कुठंतरी. खिडकीबाहेर कारखान्यामागून कारखाने, त्यांना चिकटून कामगारांच्या चाळी, प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे. अमेरिकेचा कापूस सगळ्यात जास्त घेतो तो चीन, हे मी भाषणांत कितीदा बोलले असेन. आणि त्याच कापसाचे सदरे शिवणाऱ्या एका पोरीची धाकटी बहीण माझी पिशवी उचलत होती. तिला काय सांगणार होते मी?

मग मी तिला कठड्याची गोष्ट सांगितली. तक्रारच केली म्हणा. बघ, मला कसं बाजूला काढलं, जशी मी कुणी नव्हतेच.

तिनं विचारलं, ‘नाव लिहून घेतलं?’

म्हटलं, नाही ना, तेच तर.

‘फोटो काढला? पासपोर्ट बघितला?’

नाही.

‘मग छान झालं,’ म्हणाली, आणि खरंच तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. मला धीर द्यायला म्हणत नव्हती ती. माझ्यासाठी तिला बरं वाटलं होतं. मी शानवेईचं विचारलं तर तिनं आजूबाजूच्या सीटांकडे एकदा पाहिलं आणि ग्वांगझौला जेवायला काय काय मिळतं ते सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. बदक, भात, कसल्या कसल्या पालेभाज्या.

तेव्हापासून हे दोन्ही डोक्यात फिरतंय. माझं नाव वहीत नाही म्हणून मी रुसलेय आणि ही पोरगी तिचं नाव कुठल्याच वहीत येऊ नये म्हणून बदकाबद्दल बोलतेय. रुसवा गेला असं नाही. आत्ताही तो पोरगा समोर आला तर त्याला दोन शब्द सुनावीन, मराठीत. पण मघाशी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि हसू आलं. कपाळावर गुरुवारचं खरचटलेलं अजून आहे, अंगात तोच स्वेटर, पायात तेच मोजे. ह्या बाईला धरून त्यांनी करायचं तरी काय होतं?

मावशीचं मात्र काही कळलेलं नाही. कोरियन लोकांना सोडतायत असं ऐकलं, चौदा जणांत ती नसावी. फोटोतल्या बायांच्या घोळक्यात शोधली, सगळ्यांच्या डोक्याला तीच पट्टी.

रात्री यांना फोन लागला. आवाज खरखरत होता, पैसे भराभर कटत होते. कापूस घरातच पडलाय, गंजी छताला लागली, केंद्रावर काट्याची पाळी येत नाही, शेजारच्यांनी कंटाळून खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला. मागचे चुकारेही अजून निघाले नाहीत. मी अश्रुधुराचं सांगितलं. ते ऐकत होते.

‘पकडलं नाही काय मंग तुले?’

‘नाही.’

‘काहून?’

म्हटलं, साडी पाहून सोडलं.

तिकडून हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. ‘बरं झालं. लवकर ये. दुसऱ्या वेचणीले बायाच भेटून नाही राहिल्या.’