शेऱ्याचा रकाना

रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरात आले त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने एक अर्धी कोरी वही शोधून काढली आणि पट्टी-पेन्सिल घेऊन तिच्यात सहा रकाने आखले : दिनांक, वेळ, वरचा, खालचा, नाडी आणि शेरा. व्यायामाचे नाव काढताच ज्याला कुठले तरी तातडीचे काम आठवते, असा हा माणूस रकाने मात्र सुरेख आखतो. तपासणीत त्याचा आकडा १४८ आणि ९४ आला होता. १४० आणि ९० ओलांडलेला आकडा कानाआड करण्यासारखा नसतो, म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वही घेऊन या, असे डॉक्टरांनी बजावले होते. चौथ्या दिवशी मी ती वही सहज चाळली, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या वळणदार अक्षरात आठही वेळा एकच वाक्य होते : 'मोजताना बोलणे चालू होते.'

बोलणे अर्थातच माझे होते.

रक्तदाब मोजण्याचे काही साधे नियम आहेत. आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पाय एकमेकांवर न टाकता जमिनीवर सपाट ठेवावेत, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या उंचीला असावा. आणि मोजताना बोलू नये, कारण नुसत्या बोलण्यानेही आकडा वर सरकतो. त्याने पायावर पाय टाकला की मी तो उतरवायला सांगत असे, दंड खाली गेला की वर घ्यायला सांगत असे, आणि सांगता सांगता साहजिकच गाडी जेवणाच्या वेळांवर, वाढलेल्या पोटावर आणि गेल्या वर्षीच्या न पाळलेल्या संकल्पांवर येत असे. ज्या आकड्याच्या काळजीने मी बोलत होते, तो आकडा माझ्या बोलण्यामुळेच फुगत होता, आणि त्याची लेखी नोंद आता डॉक्टरांच्या टेबलावर जाणार होती.

याची सुरुवात फार आधीची आहे. त्याने आपल्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे यासाठी मी जवळजवळ दोन वर्षे झटत होते आणि त्यातला बहुतेक काळ मी त्याच्या कानीकपाळी ओरडण्यात घालवला होता. त्याच्या फोनवर मी आरोग्यविषयक लेख पाठवत असे. ते तो न उघडता अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळा होत असे. पहाटे साडेपाचचा गजर मी त्याच्या फोनवर लावून ठेवला, तर डोळे न उघडता तो बंद करण्याचे कौशल्य त्याने आठवड्याभरात कमावले. चालायचे बूट आणले, ते तीन महिने खोक्यातच राहिले. त्याने रोज चालावे यासाठी मी सोफ्यावर बसून जी भाषणे दिली, त्यांना आपल्या भाषेत उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात, हे मला तेव्हा सुचले नाही.

माणसाला एखादी गोष्ट करण्याची सक्ती होते आहे असे वाटले, की ती न करण्याची ओढ वाढते, कारण हातातून निसटणारे स्वातंत्र्य त्याला परत मिळवायचे असते. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हे सिद्धान्ताच्या रूपात मांडले. माझ्या घरातला पुरावा त्याहून सोपा आहे. 'आज तरी लवकर झोप' असे मी म्हटले, की त्या रात्री याला जुने सामने पाहावेसे वाटत. मी काही म्हटले नाही, तर तो साडेदहालाच पेंगू लागे.

शिवाय माझी शस्त्रेही बोथट निघाली. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असे मी ठणकावून सांगत असे. एका रविवारी त्याने, चालण्याऐवजी, तासभर बसून या आकड्याचे मूळ शोधले आणि विजयी मुद्रेने मला ऐकवले, की १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता, आणि तिथून हा आकडा जगभर पसरला. एकवीस दिवसांत सवय लागते, या माझ्या दुसऱ्या लाडक्या विधानाचेही तेच झाले. त्याचा उगम एका प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलेल्या पुस्तकात सापडला; रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी पुढे ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसामाणसांतला फरक तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. हेही त्यानेच वाचून दाखवले. आपल्याला २५४ दिवस लागणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र त्याने वाचून दाखवली नाही; ती मला नंतर आढळली आणि मनाला लागली. मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नाही. आणि मी काय करत होते? मागे एकदा तो सलग चार दिवस चालला होता, पाचव्या दिवशी राहिला, आणि मी 'झाले, संपला उत्साह' असे म्हणून मोकळी झाले होते. सहाव्या दिवशी तो उठलाच नाही. पाचव्या दिवसाच्या खाड्याने जे बिघडले नसते, ते माझ्या एका वाक्याने बिघडवले.

नवरा-बायकोंच्या सवयींवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. इंग्लंडमधल्या, पन्नाशीच्या पुढच्या ३,७२२ जोडप्यांची माहिती त्यात तपासली होती. व्यायाम न करणाऱ्या पुरुषांपैकी, ज्यांची जोडीदारही तशीच बसून राहिली, त्यांतले २६ टक्के पुढे हालचाल करू लागले; आणि जिने स्वतः नव्याने सुरुवात केली, तिच्या जोडीदारांपैकी ६७ टक्के. जी आधीपासूनच नियमाने वागत होती, तिच्यापेक्षाही नव्याने सुरुवात करणाऱ्या जोडीदाराची सोबत अधिक उपयोगी ठरली, हे तर मला फारच पटले. सतत आदर्श वागणाऱ्या माणसाशेजारी राहणे किती थकवणारे असते! कोणी कोणाला ओढले, हे अशा आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही, हे खरे. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला माझ्यापुरते कळायला तेवढे पुरे होते. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मलाही धाप लागत होती आणि मी ती किल्ली शोधण्याच्या निमित्ताने लपवत होते.

मग मी चालायला जाऊ लागले. त्याला बोलावले नाही, आल्यावर किती चालले ते सांगितले नाही, आणि 'किती प्रसन्न वाटते' हे वाक्य तर दातांखाली धरून ठेवले. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवसांत वाटले तर रोजचा अर्धा तास होतो. नवव्या दिवशी मी दाराशी चपला घालत असताना तो आतून ते बुटांचे खोके घेऊन आला. वर्तमानपत्र आणायचे आहे, असे म्हणाला, जरी ते दारात पडलेले आम्हां दोघांनाही दिसत होते. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर उजव्या बुटात पुढे काहीतरी टोचते आहे, अशी त्याची तक्रार सुरू झाली. कुंपणाचा आधार घेऊन, एका पायावर तोल सांभाळत त्याने बूट काढला, तर आत बुटाचा आकार टिकावा म्हणून कोंबलेला कागदाचा बोळा तसाच होता. तीन महिने खोके उघडलेच नव्हते, याचा असा धडधडीत पुरावा हाती लागूनही मी एक अक्षर बोलले नाही. दोन वर्षांत मी केलेला सर्वांत कठीण व्यायाम तोच असावा.

बाकीचे बदल बरेचसे असेच, न बोलता झाले. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका छोट्या चमच्यापेक्षा, कमी असावे, हे मी त्याला शंभरदा सांगून पाहिले होते; आता फक्त मिठाची बाटली जेवणाच्या टेबलावरून उचलून आतल्या फडताळात ठेवली. आठवडाभर तो उठून आणत राहिला, मग कंटाळला. फोन चार्ज करायची जागा झोपायच्या खोलीतून बाहेर नेली, पण माझाही फोन तिथेच ठेवला; नाहीतर पुन्हा उंटावर बसल्यासारखे झाले असते.

मात्र गप्प बसण्यालाही मर्यादा असते आणि ती कुठे येते, हे मी त्याला स्वच्छ सांगून ठेवले आहे. छातीत दुखले, दम कोंडला, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूची ताकद गेली, तर तिथे कुणाच्या स्वातंत्र्याचा मान राखला जाणार नाही, तडक रुग्णालयात जायचे. आकडे उतरू लागले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करायची नाही, हेही त्याच यादीतले. या दोन गोष्टींवर त्याने वाद घातला नाही. कदाचित यादी एवढीच होती म्हणून.

वही अजून चालू आहे, आता आठवड्यातून दोन दिवसांपुरती. मोजण्याआधीची पाच मिनिटे मी शेजारच्या खुर्चीवर बसते. पट्टा फुगतो, हळूहळू सैल होतो, आणि यंत्राच्या बारीक आवाजाखेरीज खोलीत काही ऐकू येत नाही. परवा तो आंघोळीला गेला असताना मी वही उघडली. वरचा १२८, खालचा ८०, नाडी ७२. शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नव्हती म्हणून मजकूर समासात उतरला होता : 'शेजारी बसून होती. एक शब्दही बोलली नाही. बरे वाटत नाही का, ते विचारणे.'