तुम्ही विचारलंत म्हणून: आधी फ्रिपच का?

गिटार शिकायला येणारी मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक, मला हमखास विचारतात : पहिल्याच महिन्यात रॉबर्ट फ्रिप का ऐकवता? इतकं अवघड कशाला?

कारण जन्मभर विद्यार्थी राहिलेला असा दुसरा रॉक गिटारवादक मला माहीत नाही.

इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा हा माणूस, जन्म १९४६ चा. मूळचा डावखुरा, पण गिटार धरली उजव्यांसारखी. लहानपणी आपल्याला ना सुराचा कान होता ना तालाची जाण, असं तो स्वतःच सांगतो. जुलै १९६९ मध्ये त्याचा किंग क्रिम्सन हा बँड लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजला, तेव्हा बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला तीन महिनेही झाले नव्हते. आणि १९७४ मध्ये, 'रेड' हा अल्बम बाजारात येण्याआधीच, त्याने तो बँड मोडला.

संगीतकार ब्रायन ईनोबरोबर त्याने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोन्हींतून फिरवली. वाजवलेला सूर काही सेकंदांनी परत येतो, त्यावर नवा चढतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे मुळीच परकं वाटत नाही. १९७७ मध्ये बर्लिनला ध्वनिमुद्रित झालेल्या, गायक डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' या गाण्यात जो लांबलचक सूर ऐकू येतो, तो त्याने फीडबॅकवर, म्हणजे अँपचा (अॅम्प्लिफायरचा) आवाज गिटारमध्ये परत शिरून होणाऱ्या गुंजनावर, तोलून धरलेला आहे. कुठल्या सुरासाठी अँपपासून किती लांब उभं राहायचं, याच्या खुणा जमिनीवर होत्या. आपण फीडबॅक आला की घाबरून आवाज कमी करतो!

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती त्याची तारांची नवी जुळणी (ट्यूनिंग). चाळिशीच्या उंबरठ्यावर, एवढं नाव झाल्यावर, त्याने गिटारच्या तारा बदलून लावल्या : खालच्या सुराकडून सी, जी, डी, ए, ई, जी. पहिल्या पाच षड्ज-पंचम भावाने, शेवटची मात्र कोमल गांधाराच्या अंतरावर. १९८५ पासून 'गिटार क्राफ्ट'च्या वर्गांत तो हीच जुळणी शिकवू लागला. म्हणजे बोटांना पाठ झालेले सगळे आकार एका फटक्यात निकामी. जुना हात वाजवतच नाही, वाजवायचं ते कानाने.

पंचेचाळिसाव्या वर्षी मीही तशा तारा लावल्या. तीन आठवडे ओळखीचा एक कॉर्ड हाताला लागला नाही. रोज संध्याकाळी एकेक तार छेडून ती विरेपर्यंत ऐकत बसायचो. शिकवायला लागल्यापासून असं ऐकलंच नव्हतं.