ज्वारीच्या पानाचं एक चित्र आणि परवानगीचा फॉर्म: माझा अनुभव

एका चित्राच्या परवानगीने माझा अख्खा जानेवारी खाल्ला आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. इथे लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणा शिक्षकाचा तेवढा वेळ वाचेल.

मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला सजीवांच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं, मग तेच फलक मोहोळ, मंगळवेढा, बार्शीच्या शाळांत फिरवायचे आणि फाइलीही त्या शाळांना देऊन टाकायच्या, असं ठरलं. माझी अट एकच होती: चित्रांवरची नावं मराठीत हवीत.

बहुतेक चित्रं बसल्या जागी मिळाली. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांसारख्या रेणूंच्या रचनांचा संग्रह, १९७१ मध्ये ७ रचनांवर सुरू झाला, आज तिथे दोन लाखांहून जास्त रचना खुल्या आहेत. तिच्याच पीडीबी-१०१ या शैक्षणिक संकेतस्थळावरची शास्त्रज्ञ-चित्रकार डेव्हिड गुडसेल यांची पेशींची चित्रं तर मुलांना जागचं हलू देत नाहीत; नाव दिलं की वापरता येतात. जंतूंसाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी आणि जुन्या वनस्पतिचित्रांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी बघा.

अडलं ते ज्वारीपाशी. मालदांडी ३५-१ हे वाण ज्या मोहोळच्या केंद्रात निवडलं गेलं, तिथल्या मुलांना ज्वारीच्या पानाच्या आत काय चालतं हे दाखवायचंच होतं. ज्वारी, मका, ऊस ही सी-४ पिकं. पानाच्या शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि कड्यातल्या पेशींकडे धाडतात. साखरेचं काम तिथे सुरू होतं. म्हणून पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, फार न उघडता भागतं आणि पाणी वाचतं. हे कडं कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. आमच्या मुलींनी ब्लेडने काप घेऊन मोबाइलवर सुरेख टिपलं. पण ज्वारीत कड्यातल्या हरितलवकांत (पेशीतल्या हिरव्या कणांत) ग्राना, म्हणजे चकत्यांसारख्या पटलांच्या चवडी, जवळजवळ नसतात आणि शेजारच्या पेशीत भरगच्च असतात, हा फरक पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

तसं चित्र एका संशोधन-नियतकालिकात सापडलं. खाली परवाना होता सीसी बीवाय-एनसी-एनडी. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, काही अटींवर वापरू देणारा तयार परवाना. बीवाय म्हणजे नाव द्या, एनसी म्हणजे धंदा नको. खरी गोम शेवटच्या एनडीत: बदललेलं चित्र वाटायचं नाही. इंग्रजी नावं पुसून मराठी घातली की तो बदलच झाला.

मग प्रकाशकाचा परवानगीचा फॉर्म. वापर कशासाठी, याच्या यादीत पुस्तक, जाहिरात, प्रबंध होतं; शाळेचं प्रदर्शन नव्हतं. प्रती किती छापणार, हा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. भाषांतराच्या चौकोनात खूण केली की डॉलरमधली रक्कम वाढायची. म्हणजे मराठीत लिहायचे पैसे वेगळे! मेल केला तर यंत्राचं उत्तर आलं, पुन्हा केला तर "कृपया फॉर्म भरा". एक सहकारी म्हणाले, "मॅडम, शाळेसाठी आहे, कोण विचारतंय?" १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये वर्गात शिकवताना वापरायची सूट आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण आमचे फलक गावोगाव फिरणार होते आणि फाइली इतरांच्या हातात जाणार होत्या. मला लेखी परवानगीच हवी होती.

शेवटी पत्रव्यवहारासाठी ज्यांचा पत्ता दिला होता, त्या लेखिकेलाच लिहिलं. दुसऱ्या सकाळी उत्तर हजर! छापलेल्या चित्राचे हक्क आता माझ्याकडे नाहीत, पण त्याच कापाचे न छापलेले फोटो माझेच आहेत, असं म्हणून त्यांनी मोठी टिफ फाइल पाठवली. सोबत स्पष्ट ओळ: सीसी बीवाय ४.० खाली (म्हणजे फक्त नाव देऊन) वापरा, मराठी नावं घाला. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना उठवून दाखवलं. तेव्हा फॉर्मच्या नादी लागू नका, आधी शास्त्रज्ञाला लिहा. पत्र चार ओळींचं असू द्या: कोणतं चित्र, कुठे लावणार, काय बदलणार, फाइल कुणाला देणार. उत्तराची प्रत फलकांसोबत ठेवा.

शोधतानाच परवान्याची चाळणी लावता येते. विकिमीडिया कॉमन्सवर एनसी, एनडीची चित्रं घेतच नाहीत, म्हणून सुरुवात तिथून करा.

चित्रातली मोजपट्टी कधी कापू नका. "५००० पट मोठं" हे फलकाच्या आकारावर खोटं ठरतं. पट्टी चित्राबरोबरच मोठी होते, म्हणून खरी राहते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात रंग दिसले तर ते मागाहून भरलेले असतात, तसं फलकावर लिहा. मुलं विचारतातच.

छपाईचं सांगायचं राहिलं. दोन बाय तीन फुटांच्या फलकाला १५० डीपीआयने (दर इंचाला १५० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. प्रिंटिंगवाल्याला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा; फोटो म्हणून पाठवली की ती आक्रसते आणि ग्रानाच्या जागी नुसते डाग छापून येतात.